चाळीस अंशांतला ईस्टर

केकच्या पुस्तकांत पहिली सूचना ठरलेली असते : लोणी फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ही पुस्तकं जिथे लिहिली जातात तिथे ईस्टर म्हणजे थंडी सरण्याचे दिवस. गोंदियात तेव्हा उन्हाळा अंगणात येऊन बसलेला असतो. बाहेर ठेवलेलं लोणी बघता बघता वाटीत तेल होतं, चॉकलेटची अंडी बाजारातून घरी येईपर्यंत बसतात आणि केकवर काढलेली क्रीमची फुलं कडेने ओघळतात. हाताला दोष देण्यात अर्थ नाही. लोणी ३२ ते ३५ अंशांवर वितळतं, चॉकलेटमधलं कोकोआ बटर ३४ च्या आसपास, आणि एप्रिलमध्ये आपला पारा चाळिशी ओलांडतो. इथे ईस्टरचं काही भाजायचं-सजवायचं तर आधी उन्हाचा हिशेब मांडावा, पाककृती मागाहून काढावी.

हा हिशेब कॅलेंडरपासूनच सुरू होतो. ईस्टरला ठरलेली तारीख नाही. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिल यांमधला कुठलाही. आपल्या भाषेत सांगायचं तर काही वर्षी तो होळीनंतर येतो, बहुतेक वर्षी हनुमान जयंतीनंतर. २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च, २०२८ मध्ये १६ एप्रिल. होळीनंतरचा ईस्टर असेल तर क्रीमचा विचार करायला हरकत नाही. हनुमान जयंतीनंतरचा असेल तर क्रीम आणि चॉकलेट दोन्ही विसरा.

विसरून बिघडत काहीच नाही, कारण याच दिवसांत आपल्या जिल्ह्यात जे मिळतं ते विलायती पुस्तकात सापडणार नाही. पहाटे मोहाची फुलं गळत असतात, पळस उतरणीला लागलेला असतो, चारोळी बाजारात असते, आणि तांदूळ तर घरोघर कणगीत आहे. जिल्ह्यात ख्रिस्ती घरं थोडी, तरी हा सण या वाटेला अगदीच नवखा म्हणता येणार नाही. १८९३ च्या सुमारास, पुढे ख्रिस्ती झालेल्या कवी ना. वा. टिळकांना एका युरोपीय सहप्रवाशाने बायबल दिलं ते नागपूर-राजनांदगाव प्रवासात, आगगाडीच्या डब्यात. ती रेल्वे गोंदियावरूनच जाते.

पवित्र आठवड्यात कोणत्या दिवशी काय करायचं हे ठरलं की अर्धं काम हलकं होतं. गुरुवारी तांदळाची भाकर, शुक्रवारी क्रॉस बन, शनिवारी केक आणि अंडी, रविवारी सकाळी टेबल. सगळं शनिवारच्या दुपारवर टाकलंत तर स्वयंपाकघर आणि तुम्ही, दोघांचीही भट्टी होईल.

गुरुवारची भाकर ही केरळच्या ख्रिस्ती घरांतली रीत. नोकरीनिमित्त विदर्भात आलेल्या मल्याळी शेजाऱ्यांकडे तुम्ही ती खाल्लीही असेल. ‘पेसहा अप्पम’ म्हणतात. खमीर नाही, ओव्हन नाही, म्हणून ज्यांनी कधी केक केलेला नाही त्यांनीही हिच्यापासूनच सुरुवात करावी. दोन वाट्या तांदळाचं पीठ कोरडं भाजून घ्या. अर्धी वाटी उडीद डाळ चार तास भिजवून गंधासारखी वाटा. पाऊण वाटी ओलं खोबरं, तीन-चार छोटे कांदे, दोन लसूणपाकळ्या आणि थोडं जिरं भरड वाटून त्यात घाला. मीठ आणि पाणी घालून इडलीपेक्षा किंचित घट्ट भिजवा आणि लगेच तेल लावलेल्या थाळीत ओतून पंचवीस मिनिटं वाफवा. लगेच हा शब्द महत्त्वाचा. एप्रिलमध्ये हे पीठ दोन तासांत आंबतं आणि ही भाकर बेखमीर असायला हवी. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या पातीचा छोटा क्रूस वर ठेवतात, आणि संध्याकाळी घरातली कर्ती व्यक्ती ती कापून सगळ्यांना देते. सोबत नारळाचं दूध आणि गूळ आटवून केलेलं ‘पाल’ असतं.

आता बन. गुड फ्रायडेचे क्रॉस बन हे खमिराचं काम आणि खमिराला आपली उष्णता जरा जास्तच मानवते. पुस्तकात कणीक दीड तास फुगू द्या असं लिहिलेलं असेल, तर इथे चाळीस मिनिटांत ती पातेल्याच्या बाहेर डोकावते. वरवर बघता वेळ वाचला. पण इतक्या घाईने फुगलेली कणीक भाजल्यावर आंबूस लागते आणि बनाला मोठी मोठी भोकं पडतात. तिला हळू करायचं. अर्ध्या किलो मैद्याला सात ग्रॅम कोरडं यीस्ट सांगितलेलं असतं, तुम्ही पाचच घ्या. मैद्याचा डबा आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा. दूध उकळून, गार करून, अगदी थंडगार वापरा. मैद्यात पाऊण वाटी साखर, चमचाभर मीठ, दालचिनी-जायफळ-लवंगेची दीड चमचा पूड आणि यीस्ट कालवा. एक अंडं आणि पाव लिटर दूध घालून मळा, पन्नास ग्रॅम लोणी शेवटी. दहा-बारा मिनिटं मळल्यावर कणकेचा तुकडा दोन्ही हातांच्या बोटांवर ताणून उजेडासमोर धरा. पलीकडचं अंधूक दिसेल इतका पातळ पडदा न फाटता तयार झाला, तर थांबा. मग दीडशे ग्रॅम भिजवून निथळलेल्या मनुका मिसळा.

ही कणीक कुठे ठेवायची? ओट्यावर नको, गच्चीखालच्या खोलीत तर नकोच. कूलरच्या खोलीत ठेवा, पण वाऱ्याच्या झोतापासून बाजूला आणि ओलं फडकं झाकून. खसाच्या कूलरची दमट हवा कणकेला चांगली, तिच्यावर साय धरत नाही. दुप्पट झाली की बारा गोळे वळा, ताटात एकमेकांपासून बोटभर अंतरावर लावा आणि पुन्हा अर्धा तास ठेवा. क्रूसासाठी पाच चमचे मैदा तेवढ्याच पाण्यात सरबरीत करून मेंदीच्या कोऱ्या कोनात भरा आणि बनांवरून सरळ, न थांबता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढा. प्रत्येक बनावर वेगळा क्रूस काढायला गेलात की रेघा वाकड्या होतात. २०० अंशांवर अठरा ते वीस मिनिटं. बाहेर काढल्या काढल्या साखरेच्या पाकाचा हात फिरवला की चकाकी येते. वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा ओव्हन पहाटे पाच-सहाला लावा. घरही त्यामुळे कमी तापतं.

ओव्हन नाही? मग बनाच्या मागे लागू नका, वसईकडचे फुगे करा. उष्णतेचा सरळ फायदा घेणारा हा पदार्थ आहे. पूर्वी ताडीवर आंबवत, आता यीस्ट चालतं. अर्धा किलो मैदा, दोन अंडी, दोन चमचे साखर, मीठ, पाच ग्रॅम यीस्ट आणि मावेल तेवढं नारळाचं कोमट दूध. पीठ सैल, हाताला चिकटणारं हवं, भज्यापेक्षा थोडं घट्ट. फुगून आलं की मूठ पाण्यात बुडवा, पीठ मुठीत घ्या आणि हळूहळू आवळा. अंगठा आणि तर्जनीच्या मधून जो गोल फुगा वर येतो तो ओल्या चमच्याने छाटून तेलात सोडा. तेल मध्यम तापलेलं असावं. फुगा आपोआप उलटतो, नाही उलटला तर झाऱ्याने टिचकी द्या. मटणाच्या रश्श्याबरोबर रविवारच्या जेवणात यांच्यापुढे पाव मागे पडतो, असं माझं मत.

केकचं थोडक्यात. क्रीमशिवाय ज्याचं काही अडत नाही असा केक निवडा. गोव्याचा बाथ हा त्यातला एक : पाव किलो बारीक रवा, तेवढीच साखर, एका नारळाचा चव, तीन अंडी, सव्वाशे ग्रॅम तूप, चमचाभर बेकिंग पावडर. मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून रवा फुलू द्यायचा आणि सकाळी १८० अंशांवर पाऊण तास भाजायचं. नारळ असल्यामुळे दुसऱ्या दिवशी मात्र तो बाहेर राहू देऊ नका.

टिकाऊ हवा असेल तर फळांचा केक, आणि तो करणार असाल तर मनुकांमध्ये चतुर्थांश मोहफुलं घालून बघा. वाळलेली, स्वच्छ फुलं बाजारातून घ्या. आतले बारीक पुंकेसर झटकून काढा, दोन पाण्यांनी धुवा, पुसून तव्यावर मंद आचेवर परता, मग मनुका-बेदाण्यांबरोबर संत्र्याच्या रसात रात्रभर भिजवा. नागपुरी संत्र्यांचा मृग बहार मार्चपर्यंत बाजारात असतोच, सालही किसून घाला. चतुर्थांशापेक्षा जास्त मोह नको. त्याचा वास उग्र, केकभर पसरतो आणि पाहुणे भलतीच शंका घेतात.

कढईतही केक होतो. जाड बुडाच्या जुन्या कढईत दोन बोटं वाळू, त्यावर कडं, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं तापवून डबा आत ठेवा आणि आच मंद करा. बाथाला तासभर लागेल. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढून ठेवा. ज्यांना हेही नको त्यांच्यासाठी गावातली बेकरी आहे. दिवाळीला जसं आपण मैदा, साखर, तूप देऊन बिस्किटांचा डबा भरून आणतो, तसं ईस्टरलाही आणता येतं. फक्त तिथे तांदळाच्या पिठाची आठवण ठेवा : तीन भाग मैदा आणि एक भाग बारीक चाळलेलं तांदळाचं पीठ घातलं तर बिस्किट जास्त खुसखुशीत होतं. वर दोन-दोन चारोळ्या दाबायला सांगा. बनाच्या कणकेत मात्र हा प्रयोग नको, तांदळाला ताण नसतो आणि बन बसतात.

चॉकलेटच्या अंड्यांची जागा मार्झिपननं घ्यावी, आणि हा भाग मी जरा आग्रहाने सांगते. युरोपात मार्झिपन बदामाचं, मुंबई-गोव्यात काजूचं. ज्या घरात काजूकतली होते त्या घराला मार्झिपन वेगळं शिकावं लागत नाही. पाव किलो काजू मिक्सरमध्ये थांबत थांबत दळा. सलग फिरवलंत तर तेल सुटतं. चाळून घ्या. दोनशे ग्रॅम साखरेचा अर्ध्या वाटी पाण्यात एकतारी पाक करा, पूड घाला, मंद आचेवर ढवळत राहा. थोडं बोटात घेऊन गोळी केली आणि ती चिकटली नाही की उतरवा. गुलाबपाणी घालून कोमट असताना मळा. काजूतले पन्नास ग्रॅम काढून तेवढी चारोळी घातली तर रंग थोडा मळका होतो, पण चव या भागाची येते. रंगासाठी बाजारच्या बाटल्या नकोत : केशराचं दूध, बिटाच्या रसाचे चार थेंब, पालकाचा गाळलेला रस पुरे. जास्त रस गेला तर गोळा सैल पडतो. मग पिठीसाखर लावून सावरा.

अंडं वळताना गोल लाडू आधी करा, मग एका बाजूला दोन्ही तळहातांची किंचित उतरण देऊन फिरवा, एक टोक निमुळतं होतं. पाखराच्या अंड्यासारखे ठिपके हवे असतील तर कोको पावडर पाण्यात कालवून कोऱ्या टूथब्रशवर घ्या आणि अंगठ्याने केस मागे ओढून सोडा. आधी वर्तमानपत्रावर एकदा करून बघा. मार्झिपनला उन्हापेक्षा ओल घातक. कूलरच्या खोलीत उघडं राहिलं तर ते पाझरतं. घट्ट डब्यात ठेवा. डबा फ्रिजमध्ये असेल तर बाहेर काढून अर्धा तास झाकण उघडू नका, नाहीतर गार अंड्यांवर दव धरून ठिपके ओघळतात. फळांच्या केकवर मार्झिपनचे अकरा गोळे मांडायची इंग्लंडातली रीत आहे, बारा शिष्यांतून यहूदाला वगळून. मुलं हे अकरा मोजायला फार उत्सुक असतात.

खऱ्या अंड्यांची प्रथा कशी पडली याचं उत्तर उपवासात आहे. युरोपात पूर्वी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, कोंबड्या मात्र घालत राहायच्या. साठलेली अंडी सणाला रंगवून वाटायची. आपल्याकडे रंगासाठी सगळ्यात खात्रीचा रंग कांद्याच्या सालींचा. दोन मुठी साली लिटरभर पाण्यात वीस मिनिटं उकळा, गाळा, दोन चमचे व्हिनेगर घाला आणि त्यातच पांढऱ्या सालीची अंडी दहा मिनिटं उकडा. विटकरी तांबडा रंग येतो. उकडण्याआधी अंड्यावर सांबाराचं एक कोवळं पान ओलं करून चिकटवा, वर मलमलचा तुकडा ताणून दोऱ्याने करकचून बांधा. गार झाल्यावर सोडलं की तांबड्या अंड्यावर पानाची पांढरी नक्षी, शिरांसकट. मलमल सैल राहिली तर रंग आत शिरतो, म्हणून गाठ मुलांना मारू देऊ नका, पान मात्र त्यांनाच निवडू द्या.

पळसाचं जरा निराळं. रंगपंचमीची वाळवलेली फुलं उरली असतील तर रात्रभर भिजवून उकळा, पिवळा ते केशरी रंग मिळतो. पण व्हिनेगरने पळसाचा रंग फिका होतो. म्हणून उकडलेली अंडी आधी व्हिनेगरच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, साध्या पाण्याने धुवा, मग पळसाच्या गार रंगात चार-पाच तास, भांडं फ्रिजमध्ये. गावरान अंड्यांवर हा रंग चढत नाही, त्यांची साल मुळातच तपकिरी. एकच अंडं आधी बुडवून बघावं हे बरं.

टेबल. ईस्टरचा रंग पांढरा आणि सोनेरी. पांढरी चादर नसेल तर धुतलेलं धोतर किंवा पांढरी सुती साडी घाला, इस्त्री करून. फार छान पडते. लिलीच्या फुलांसाठी नागपूरला माणूस पाठवायची गरज नाही. मोगरा आणि निशिगंध पांढरे आहेत, वासाचे आहेत आणि उन्हाळ्यातलेच आहेत. मोगरा देठासकट न तोडता कळ्याच पितळेच्या परातीत पाण्यावर सोडा. पळसाच्या पानांचे द्रोण घ्या, त्यात धानाचं तणस चुरून घाला आणि रंगीत अंडी बसवा, घरटी तयार. तणस आधी उन्हात तापवून झटका, त्यात किडे असतात.

युरोपात ईस्टरच्या टेबलावर गहू उगवून ठेवतात. आपल्याकडे चैत्र नवरात्रात घटाजवळचे जवारे असतात ते हेच. मातीच्या पसरट भांड्यात गहू आठ-नऊ दिवस आधी पेरा, रोज दोनदा पाणी शिंपडा. जवारे पिवळे हवे असतात म्हणून अंधारात ठेवतात. टेबलासाठी हिरवे हवेत, तर खिडकीजवळ सावलीत ठेवा. थेट ऊन लागलं तर एका दुपारीत करपतात.

मेणबत्त्यांनी पंचाईत होते. बारीक उंच मेणबत्त्या आपल्या उन्हाळ्यात आपल्याच वजनाने वाकतात आणि पेटवल्या तर पंखा, कूलर त्या विझवतात. जाड, बुटकी मेणबत्ती घ्या, टेबलावर मांडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा आणि कंदिलाच्या काचेत लावा. हे नको असेल तर सरळ समई लावा. कागदी रुमालांवर चमचे ठेवा, नाहीतर कूलर सुरू केला की ते शेजारच्याच्या ताटात.

आणि मांडामांड दुपारच्या जेवणासाठी करू नका. शनिवारी रात्रीचं जागरण किंवा रविवारची पहाटेची उपासना आटोपून लोक घरी येतात तेव्हा आठ-साडेआठ वाजलेले असतात, अजून हवा सुसह्य असते. टेबल न्याहारीचं असू द्या : बन, बाथाचे तुकडे, अंडी, फळं, मठ्ठा. दुपारचा रस्सा आणि फुगे घरच्या पंगतीला.

एक ताकीद. उकडलेलं अंडं एरवी दोन तास बाहेर चालतं. ३२ अंशांच्या वर तासाभराच्या आत संपवावं किंवा फ्रिजमध्ये जावं. टेबलावर सकाळपासून शोभेला मांडलेली अंडी दुपारी मुलांना खायला देऊ नका. शोभेची वेगळी हवीत तर कच्च्या अंड्याच्या दोन्ही टोकांना सुईने भोक पाडून बलक फुंकून काढा, साल धुऊन वाळवा आणि मग रंगवा; निघालेला बलक बाथात जिरतो. मुलांसाठी ठेवलेली अंडी फ्रिजमधून ऐनवेळी काढा, आणि फ्रिजमध्येही ती आठवड्याच्या आत संपवा.